मगनबाईंचे दान



दशलक्षण पर्वाचा आठवा दिवस उत्तम त्यागाचा. आमच्या मंदिरात त्या दिवशी सकाळपासून लगबग असते. अभिषेकाच्या बोली लागतात, आहारदानासाठी रकमा जाहीर होतात आणि संध्याकाळी आरतीनंतर दातारांची नावे वाचून दाखवतात. गेल्या वर्षी पाठशाळेतल्या एका छोट्या मुलीने मला विचारले, "ताई, ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी त्याग कसा करायचा?" मी तिला चार दाने सांगितली: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. पैसे पहिल्या दोघांना लागतात, पुढच्या दोघांना त्याहून वेगळे काही लागते, असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न घरी आला माझ्याबरोबर. भाजी निवडताना, पाणी गाळताना डोक्यात घोळत राहिला. त्याचे खरे उत्तर मला एका बाईच्या चरित्रात सापडले. त्या म्हणजे जैन महिलारत्न मगनबाई.

मगनबाईंचे नाव आज आपल्या किती मुलींना माहीत असेल, देव जाणे. त्यांच्या वडिलांचे नाव मात्र अनेक घरांत आदराने घेतले जाते: दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी, जे. पी. मूळचे सुरतेचे हे दिगंबर जैन कुटुंब नशीब काढायला मुंबईला आले. भावंडांनी मोती पोवण्याच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढे मोत्यांचे मोठे व्यापारी झाले. पैसा आला तसा माणिकचंदांनी तो समाजासाठी वाहता ठेवला. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा त्यांचीच. १९०२ साली तीर्थक्षेत्र कमिटी उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. मुंबई, अहमदाबाद, कोल्हापूर अशा ठिकाणी जैन विद्यार्थ्यांची बोर्डिंगे निघाली, त्यांमागेही त्यांचा हात होता. कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला म्हणून राहिले ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातच.

ही बोर्डिंगे का लागली, हे आपल्या घरच्या बायकांना चटकन समजेल. त्या काळी खेड्यातला जैन मुलगा शहरात शिकायला गेला की पहिला प्रश्न अभ्यासाचा नसायचा, जेवणाचा असायचा. गाळलेले पाणी कुठे मिळणार? सूर्यास्ताआधी कोण वाढणार? कांदा-बटाट्याशिवाय स्वयंपाक कोण करणार? दर्शन घेतल्याशिवाय तोंडात घास न घालणाऱ्या मुलाने मंदिर कुठे शोधायचे? शिक्षणाची गाडी अशी स्वयंपाकघरात अडली होती. माणिकचंदांनी ते ओळखले. निजायला खोली, धर्मशिक्षणाला शिक्षक आणि नियमाचे जेवण, एवढे दिले की आईबाप मुलाला निश्चिंतपणे पाठवतात, हे त्यांच्या लक्षात आले.

मुलांचे झाले. मुलींचे काय? हा प्रश्न माणिकचंदांपुढे आला तो त्यांच्याच घरातून.

मगनबाईंचा जन्म १८८० सालचा. रीतीप्रमाणे लहानपणीच लग्न झाले आणि विशीच्या आसपास वैधव्य आले. पदरी लहान मुलगी. पुढे काय होणार हे ठरलेलेच होते. गडद लुगडे, अंधारा कोपरा, मंगलकार्यात समोर यायचे नाही, सकाळी कुणाच्या वाटेत आडवे जायचे नाही. पैसेवाल्या घरात अन्नवस्त्राची ददात नव्हती, एवढाच फरक. कोपरा तोच.

आपल्या धर्मात जन्ममरण कर्माधीन मानले आहे. पण त्या सिद्धांताचा वापर लोक कसा करत, ते जुन्या बायकांना विचारा. "पूर्वजन्मीचे पाप, दुसरे काय!" असे म्हटले की बोलणारा मोकळा आणि ऐकणारी आयुष्यभराची गुन्हेगार. मला नेहमी वाटते की हे अर्धेच कर्मशास्त्र झाले. आठ कर्मांत पहिलेच नाव ज्ञानावरणीयाचे आहे, आणि ते क्षीण करण्याचा मार्गही सांगितलेला आहे: स्वाध्याय, विनय, ज्ञानाची आराधना. दुःख भोगून निर्जरा होते हे खरे, पण नुसते कोपऱ्यात बसून रडणे म्हणजे तप नव्हे. उलट आर्तध्यान तेवढे वाढते.

माणिकचंदांनी मुलीला कोपऱ्यातून उठवले आणि पाटी-पुस्तकापुढे बसवले. पंडितांकडून तिला धर्मग्रंथ शिकवले. आज हे वाचताना सोपे वाटते. पण ज्या समाजात बाईने पुस्तक हातात घेतले तर घरावर संकट येते असे लोक म्हणत, तिथे एका प्रतिष्ठित शेठजीने विधवा मुलीला शिकवायला बसवणे म्हणजे चारचौघांत स्वतःची पगडी पणाला लावणे होते. मला इथे आदिनाथ भगवान आठवतात. त्यांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक शिकवले. आपल्या परंपरेत अक्षर आणि अंक पहिल्यांदा उतरले ते दोन मुलींच्या हातांत, आणि शिकवणारे होते त्यांचे वडील. पुराणात हे आपण दरवर्षी ऐकतो. माणिकचंदांनी ते घरात करून दाखवले.

इथपर्यंतची गोष्ट एका भाग्यवान मुलीची झाली. मगनबाई मोठ्या ठरतात त्या इथून पुढे. शिकून झाल्यावर त्या चौपाटीवरच्या बंगल्यात जप-स्वाध्याय करत शांतपणे राहू शकल्या असत्या. कुणी नावे ठेवली नसती, उलट धर्मात्मा म्हटले असते. पण आपल्याला वडील भेटले, बाकीच्यांना कोण, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

महाराष्ट्रात तेव्हा या प्रश्नाची चर्चा चालू होतीच. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्याला नेले. तिथे मुलींना ख्रिस्ती करतात असा गदारोळ १८९३ च्या सुमारास उठला आणि पालकांनी मुली काढून घेतल्या. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० साली तो हिंगण्याला गेला. पण जैन घरातली विधवा मुलगी अशा ठिकाणी जाणे अवघड होते. तिच्या घरचे दोन गोष्टींना भीत: धर्म सुटेल आणि आहार बिघडेल. बोर्डिंगच्या वेळी मुलांच्या बाबतीत जी अडचण होती, तीच इथे दुपटीने होती.

१९०९ च्या सुमारास अहमदाबादेत श्राविकाश्रम सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत तो मुंबईत आला. ताडदेवच्या जुबिली बागेतला श्राविकाश्रम म्हणून पुढे तो ओळखला गेला. मगनबाईंना दोन जिवाभावाच्या सोबतिणी मिळाल्या. एक अंकलेश्वरच्या ललिताबाई आणि दुसऱ्या आपल्या सोलापूरच्या कंकुबाई. कंकुबाई या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या. 'जैन बोधक' हे मासिक सुरू करणारे ते हेच हिराचंद, आणि उद्योगपती वालचंद हिराचंद यांचेही हेच घर. कंकुबाईंच्या वाट्यालाही वैधव्यच आले होते. तिघींची दुःखे एकाच जातीची होती. त्यामुळे आश्रमात येणाऱ्या मुलीला काय वाटत असेल हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

आता आश्रमाचे नाव पाहा. त्या काळातल्या अशा संस्थांच्या नावांत 'अनाथ', 'विधवा' हे शब्द सर्रास असत. त्यात वाईट हेतू नव्हता. देणगी मागताना करुणा जागवावी लागते. पण इथे नाव होते श्राविकाश्रम. विधवा हा शब्द बाईचे काय गेले ते सांगतो. श्राविका हा शब्द ती कोण आहे ते सांगतो. मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका हे चतुर्विध संघाचे चार खांब. भगवान महावीरांच्या संघात एक लाख श्रावक आणि तीन लाख श्राविका होत्या असे आपली पुराणे सांगतात. त्या तीन लाखांत सौभाग्यवती किती आणि विधवा किती, हे मोजायची गरज पुराणकारांना वाटली नाही. ते मोजमाप आपण नंतर सुरू केले. आश्रमाच्या दारात पाऊल टाकणाऱ्या मुलीला तिचे जुने पद परत मिळत होते, आणि तेही बाहेरून उसने आणलेले नव्हे, आपल्याच धर्मातले. समाजातल्या कर्मठांनाही या नावाला हरकत घेणे कठीण होते.

आश्रमात लेखन-वाचन, हिशेब, शिवण-भरतकाम आणि धर्मशिक्षण असे. बालबोधापासून सुरुवात करून मुली रत्नकरंड श्रावकाचार, द्रव्यसंग्रह, तत्त्वार्थसूत्र अशा ग्रंथांपर्यंत पोहोचत. यामागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. शिवणकामाने दोन पैसे मिळतात, हे झाले एक. पण धर्मशास्त्र शिकलेली बाई आपल्या गावी जाऊन पाठशाळा चालवू शकते. गावोगावच्या कन्यापाठशाळांना शिक्षिका हव्याच होत्या. पुरुष पंडितांपुढे मुलींना पाठवायला लोक कचरत. मग शिकवणार कोण? तर आजवर जिचे तोंड पाहणे अशुभ मानले तीच. घराला जी ओझे वाटत होती, ती समाजाला हवीशी झाली.

माझ्या मते मगनबाईंचे खरे दान हे आहे. पैसा वडिलांचा होता, जागा वडिलांनी दिली, हे कुणीही म्हणू शकेल आणि ते खोटे नाही. पण पैशाने घेणाऱ्याची गरज भागते, घेणारा घेणाराच राहतो. मगनबाईंनी घेणारीला देणारी करायची व्यवस्था उभी केली. आश्रमात आलेली बाई शास्त्रदान घेई आणि बाहेर पडून शास्त्रदानच देई. आणि जिला उद्याची भीती उरली नाही, तिला अभयदान मिळाले असेच म्हणायचे.

आपल्या परंपरेत याचा मोठा आधार आहे. हजार वर्षांपूर्वी कर्नाटकात दानचिंतामणी अत्तिमब्बे होऊन गेल्या. पती रणात पडल्यावर बहीण सती गेली. अत्तिमब्बे मागे राहिल्या, मुलाला वाढवले, लक्कुंडीला जिनमंदिर बांधले आणि कवी पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार ताडपत्री प्रती लिहवून वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात हजार प्रती! जिवंत राहून ज्ञान वाटायचे, हा मार्ग त्यांनी निवडला. मगनबाई त्याच वाटेने चालल्या, फक्त ताडपत्रांऐवजी त्यांनी माणसे तयार केली.

मगनबाई आश्रम सांभाळून गावोगाव फिरल्या. मेळा असो, रथयात्रा असो, प्रतिष्ठा असो, जिथे समाज जमे तिथे बायकांची वेगळी सभा घ्यायची, मुलींना शिकवा, लहानपणी लग्ने करू नका, हुंड्या-दागिन्यांत पैसा घालू नका, असे सांगायचे, हा त्यांचा क्रम. त्याच काळात भारतवर्षीय दिगंबर जैन महिला परिषद स्थापन झाली आणि तिच्या कामाचा भार त्यांनी उचलला. बिहारमधल्या आरा गावी चंदाबाईंनी १९२१ साली जैन बाला विश्राम काढले. त्याही बालविधवाच, आणि मगनबाईंच्या या चळवळीतल्या सहकारी. 'जैन महिलादर्श' हे स्त्रियांचे मासिक चंदाबाईंच्या संपादनाखाली निघू लागले. मुंबई, सोलापूर, आरा अशा दूरदूरच्या गावांतल्या या बायका पत्रांनी आणि परिषदांनी एकमेकींशी जोडल्या गेल्या. १९१४ साली माणिकचंद गेले. वडिलांच्या मागे मुलीचे काम थांबेल असे कुणाला वाटले असेल तर ते चुकले. मगनबाईंनी पुढे सोळा वर्षे ते चालवले. समाजाने त्यांना 'जैन महिलारत्न' म्हटले. १९३० साली, वयाच्या पन्नाशीत त्या गेल्या.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे लिखाण नुसती आरती होईल. श्राविकाश्रमाने विधवेला शिक्षण दिले, मान दिला, काम दिले. पुन्हा संसार मांडायची वाट मात्र दिली नाही. कर्व्यांनी स्वतः १८९३ साली शारदा सदनातल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला होता. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकरी जैनांतही पुनर्विवाहाची रीत जुनी. पण ज्या समाजात मगनबाई वावरत होत्या, तिथे तो शब्द काढला असता तर आश्रमाचे दार बंद झाले असते. तिथल्या बाईपुढे आदर्श होता तो ब्रह्मचारिणीचा, राजुलमतीचा. ज्यांच्यात ती वृत्ती होती त्यांचे सोने झाले. पण पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या मुलीला वैराग्य नको असेल, मूलबाळ हवे असेल, तर? तिच्यासाठी या दारात जागा नव्हती.

ज्यांनी माणिकचंदांचे आणि मगनबाईंचे चरित्र लिहिले, त्या ब्रह्मचारी शीतलप्रसादांनाही हा प्रश्न सतावत असावा. त्यांनी पुढे विधवाविवाहाच्या बाजूने उघड भूमिका घेतली. ज्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच समाजातल्या अनेकांनी मग त्यांच्याकडे पाठ फिरवली. एवढ्या नावाजलेल्या व्रती पुरुषाची ही गत झाली, यावरून मगनबाई किती अरुंद वाटेवरून चालत होत्या याची कल्पना येते. त्यांनी अर्धीच वाट काढली असे आज म्हणता येते. पण ती काढली म्हणून पुढच्यांना उरलेली अर्धी दिसली, असे मला वाटते.

सोलापुरात या वाटेचा मोठा रस्ता झाला. तिथल्या राजुलमती श्राविकाश्रमाचे आणि श्राविका संस्थेचे काम पंडिता सुमतीबाई शाह यांनी वाढवले आणि त्यांना पद्मश्री मिळाली. आजही त्या परिसरात सर्व जातिधर्मांच्या मुली शिकतात.

हे सगळे मी पुस्तकातून शिकले, पण त्याची खूण मला घरातच सापडली. माझ्या आईच्या गावी पाठशाळेत एक बाई होत्या. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. पांढरी साडी, हातात जपमाळ, आणि आवाज असा की मंदिराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यावा. लहानपणीच विधवा झालेल्या, आणि कुठल्याशा श्राविकाश्रमात शिकून आलेल्या. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी णमोकारापासून भक्तामरापर्यंत शिकवले. माझ्या आजीला सही करायला त्यांनीच शिकवले. तोवर आजी रेशनच्या कागदावर अंगठा उठवायची. आजी सांगायची, "पहिल्यांदा सही केली त्या दिवशी बाईंनी मला खडीसाखर दिली. म्हणाल्या, आता हे कुणालातरी शिकव, म्हणजे फिटलं."

आजीने माझ्या आईला अक्षरे गिरवायला शिकवली. आईने मला. मी रविवारी पाठशाळा घेते.

त्या गावच्या मंदिरात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी आहे. पाचशे एक, एक हजार एक, अशा रकमा नावांपुढे कोरलेल्या. बाईंचे नाव त्यात नाही. त्यांच्याकडे द्यायला रक्कम नव्हतीच. मी त्या फरशीपुढे उभी राहिले की आता मला हसू येते. तिच्यावरची नावे वाचायला ज्यांनी गावाला शिकवले, त्यांचेच नाव तेवढे तिच्यावर नाही.

म्हणून या वर्षी उत्तम त्यागाच्या दिवशी मी त्या छोट्या मुलीला पुन्हा बोलावणार आहे. तिला मगनबाईंची गोष्ट सांगणार आहे, बाईंचीही. आणि तिला विचारणार आहे, तुला काय येते? तिला तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय पाठ येतो, हे मला माहीत आहे. तिच्याहून लहान तीन मुली या वर्षी पाठशाळेत नव्याने आल्या आहेत. त्यांच्या शेजारी तिला बसवणार. त्यागाला पैसे लागतात का, याचे उत्तर तिचे तिला मिळेल.

जय जिनेंद्र.